रिफॉर्मेटरीत पाठवलेला पेडण्याचा पोर: त्याचा माग कोणत्या दप्तरात लागेल?

तेरेखोलकाठ

नमस्कार मंडळी. आमचं मूळ घर पेडणे महालातलं. माझ्या पणज्याचा धाकटा भाऊ लहानपणी मुंबईला गेला आणि परतला नाही, एवढंच घरात सांगतात. वंशावळीत त्याचं नाव आहे, पण खाली काहीच नाही. लग्न नाही, मुलं नाहीत, वारल्याची तिथीही नाही. आत्येच्या पेटीत परवा एक मोडीतलं कार्ड सापडलं, म्हणून हा धागा काढला.

कार्ड पाव आण्याचं आहे, वर एडवर्ड राजाचा छाप. पत्ता वेंगुर्ल्याच्या एका किराणा दुकानदाराचा आणि त्याच्या मार्फत मुलाच्या वडलांचं नाव. एका जाणकारांकडून वाचून घेतलं. मजकूर असा: 'मुलगा खुशाल आहे. सुतारकाम शिकतो, हात चांगला चालतो. मुदत सरेपर्यंत सोडणे होत नाही. आपण येऊन कागद करून दिला असता तर बरें होतें.' लिहिणाऱ्याची सही नाही, पण 'डेविड ससून यांची शाळा, मुंबई' हे शब्द स्वच्छ लागतात.

घरच्या हिशेबाने तो तेव्हा फार तर तेरा वर्षांचा असेल. ही शाळा म्हणजे पोरांचा तुरुंग होता का? तिथे जायला त्याने काय केलं असेल? मुख्य म्हणजे त्याचं नाव आज कोणत्या कागदात सापडू शकेल, मुंबईत की गोव्यात? कोणी असा शोध घेतला असेल तर कृपया सांगा.

जुनी_दप्तरे

फार मोलाचं कार्ड आहे, जपून ठेवा. लॅमिनेट मात्र अजिबात करू नका.

डेविड ससून इंडस्ट्रियल अँड रिफॉर्मेटरी इन्स्टिट्यूशन ही संस्था १८५७ ची, ससून यांच्या देणगीतून उभी राहिलेली. आज ती माहीमला आहे. गुन्हा शाबीत झालेल्या मुलांना मोठ्या कैद्यांत न ठेवता काम शिकवायचं, हा तिचा हेतू. म्हणजे तुरुंग नव्हे, पण दार आपल्या मर्जीने उघडत नसे.

एडवर्डचा छाप म्हणजे कार्ड १९०२ किंवा त्यानंतरचं. तेव्हा १८७६ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स कायदा जाऊन १८९७ चा आठवा कायदा आला होता. त्यात पंधरा वर्षांखालचा मुलगा कैदेच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यात दोषी ठरला, तर न्यायाधीश कैदेऐवजी त्याला रिफॉर्मेटरीत पाठवू शकत असे. मुदत किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं, आणि अठरा पूर्ण झाल्यावर कोणालाही ठेवायचं नाही. आता यातली खोच बघा. मोठ्या माणसाला एखाद्या लोट्याच्या चोरीसाठी महिनाभर सक्तमजुरी झाली असती. पोराला दया म्हणून शाळेत पाठवलं की किमान तीन वर्षं गेली. त्यामुळे 'एवढी वर्षं ठेवलं म्हणजे काहीतरी भयंकर केलं असणार' हा समज आधी मनातून काढा.

कार्डातला 'कागद' काय असेल तेही याच कायद्यात सापडतं. कलम ३१ प्रमाणे कोर्टाला मुलाला समज देऊन सोडता येत असे, किंवा आई, बाप, पालक किंवा जवळचा सज्ञान नातेवाईक यांच्याकडून चांगल्या वागणुकीचा मुचलका घेऊन त्याच्या ताब्यात देता येत असे. मुचलक्याची मुदत फार तर बारा महिने. बाप तिथे उभा असता, अंगठा उठवला असता, तर पोर बहुधा त्याच दिवशी घरी आलं असतं. तुमच्या पोराच्या वेळी कोर्टात कोणी नव्हतं.

अंत्रुजची_माई

वाचून पोटात कालवलं गो. पण एक सांगू? वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट एवढी वर्षं झाकून ठेवली, ती काहीतरी विचार करूनच. घरातल्या माणसावर चोरीचा डाग होता हे आता चव्हाट्यावर आणून काय मिळणार? राग मानून घेऊ नकोस हां.

तेरेखोलकाठ

माई, राग कसला. आत्येही हेच म्हणाली. पण ज्याचं नाव झाकलं त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो आमच्या घरचा मुलगा होता आणि त्याच्या मागे काय झालं हे घरात एकालाही ठाऊक नाही, हे मला डागापेक्षा जड वाटतं. त्याचं नाव, आडनाव, गाव मी इथे लिहिणार नाही, फोटोही टाकणार नाही. शोध घरासाठी आहे.

मेरशीवाली

नाव न लिहिण्याचा निर्णय अगदी योग्य. मी मुलांच्या संस्थांमधून काम करते. आजच्या बाल न्याय कायद्यात, म्हणजे २०१५ च्या, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करायला कलम ७४ ने बंदी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या मुलालाही तेवढी माया मिळायला हरकत नाही.

गिरगावकर_मूळ_साखळी

वेंगुर्ल्याचा पत्ता बघून सांगतो. पेडण्याहून तेरेखोल ओलांडली की सावंतवाडी संस्थान, पुढे वेंगुर्ला, म्हणजे इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा. मुरगावची रेल्वे १८८८ ला सुरू झाली होती, पण पेडण्याच्या माणसाला ती उलटी वाट. वेंगुर्ल्याची बोट गाठायची आणि मुंबईला उतरायचं, हाच सोयीचा रस्ता. त्यामुळे मुंबईच्या कारकुनाने पोराला 'कुठून आलास' विचारलं असेल आणि त्याने 'वेंगुर्ल्याहून' सांगितलं असेल, तर रजिस्टरात मुक्काम रत्नागिरी जिल्हा लागला असेल. 'पोर्तुगीज हद्द' एवढ्याच नोंदी बघत बसलात तर तो तुमच्या बोटाखालून निसटेल.

दुसरं, बार्देस-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांचे धोबीतलाव, माझगाव भागात गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांचे सामायिक मुक्काम, होते. आगबोटीवर कामाला जाणारे, आचारी, वाजंत्री सगळे तिथे उतरायचे. गावचा पोर पोलिसात सापडला तर कूडातलं कोणीतरी धावून जाणार. पेडण्याचा हिंदू पोर एखाद्याच्या घरी भांडी घासायला, पाणी भरायला ठेवला असेल, तर त्याचा मुंबईतला एकच ओळखीचा मोठा माणूस म्हणजे त्याचा मालक. आणि घरात काही हरवलं तर फिर्यादीही तोच. नोकराने मालकाची चीज चोरली की दंडविधानाचं ३८१ कलम, साध्या चोरीपेक्षा जड, सात वर्षांपर्यंत कैद. मग मुचलका करायला कोण येणार?

आणखी एक. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. माणसं मुंबई सोडून पळाली, मेली, बिऱ्हाडं मोडली. ज्याच्या भरवशावर पोराला पाठवलं तो माणूसच राहिला नसेल, ही शक्यता धरून चाला.

पाटो_वाचनालय

वाचतेय. पु.भा.प्र.

मोडीवाला

जुनी_दप्तरे, मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात मूळ खटला मिळेल का? ते सर्वांत सरळ नाही का?

जुनी_दप्तरे

सरळ दिसतं, पण तिथून सुरुवात करू नये. खालच्या कोर्टातल्या किरकोळ खटल्यांचे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करण्याची रीतच आहे, त्यासाठी १९१७ चा स्वतंत्र कायदा आहे. संस्थेचे छापील वार्षिक अहवाल मिळाले तर जरूर वाचा, पण त्यात आकडे असतात: किती आले, किती सुटले, किती आजारी, कोणत्या धंद्यात किती. शाळेत दिवस कसा जात असे ते कळेल, मुलगा कळणार नाही.

मुलगा कळतो तो त्याच्यासाठी कोणी अर्ज केला असेल तिथे. कलम १४ प्रमाणे मुदतीआधी सोडण्याचा किंवा एका रिफॉर्मेटरीतून दुसरीत हलवण्याचा अधिकार सरकारचा. पुण्याला येरवड्यालाही रिफॉर्मेटरी होती, तेही ध्यानात ठेवा. म्हणजे बापाने, मामाने, कोणीही 'आमचं पोर सोडा' असा अर्ज केला की तो सुपरिंटेंडेंटच्या शेऱ्यासह सरकारात जायचा. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, गुन्हा, तारीख, वागणूक सगळं येतं. असे कागद मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात शोधावे लागतात. न्याय खातं बघा, शिक्षण खातं बघा आणि गोवा परका मुलुख असल्यामुळे पोलिटिकल डिपार्टमेंट तर नक्की बघा. वर्ष माहीत असेल तर सूचीवरून काम होतं. वर्ष नसेल तर माणूस त्या खंडांत हरवतो. तेव्हा आधी गोव्याच्या बाजूने वर्ष पक्कं करा.

वयावर विसंबू नका. कलम ११ प्रमाणे मॅजिस्ट्रेटने चौकशी करून वय ठरवायचं असे. जन्माचा दाखला नाही, आईबाप समोर नाहीत, मग वय ठरणार कशावरून? अंगकाठीवरून. दोन वर्षं इकडे तिकडे सहज धरा.

कोमार्का_निवृत्त

म्हापशाच्या कोर्टात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून दोन शब्द. तुम्ही सगळे गुन्ह्याच्या मागे लागला आहात. मी म्हणतो, वाटणीच्या मागे लागा.

गोव्यात हिंदूंच्या जन्ममृत्यूचं काय मिळतं? ख्रिस्ती असता तर चर्चच्या वहीत बाप्तिस्मा सापडला असता. सर्वांसाठीची नागरी नोंदणी आपल्याकडे पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतरची. त्यामुळे या मुलाचा जन्म शोधण्यात दिवस घालवू नका. पण १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला, आणि त्याची एक गोष्ट फार चांगली. माणूस वारला आणि वारसांत कोणी अल्पवयीन किंवा परागंदा असला की इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची आणि वारसांची कोर्टातली नोंद आणि वाटणी, सक्तीचा. घरच्यांनी आपसांत वाटून घेतलं तर चालत नाही, कोर्ट स्वतः हात घालतं. वयाची एकवीस वर्षं पुरी होईपर्यंत अल्पवयीन.

या मुलाचा बाप त्याच्या अल्पवयात वारला असेल, तर त्या इन्व्हेंतारात मुलगा असलाच पाहिजे. पहिल्याच काही पानांत घरच्या कर्त्याची शपथेवरची जबानी असते: मयत कधी, कुठे वारला, वारस कोण, प्रत्येकाचं वय, लग्न, राहण्याचं ठिकाण. आई हयात नसेल तर कोंसेल्यु द फामिल्य बसतं, म्हणजे पाच जवळचे नातेवाईक, तीन बापाकडचे आणि दोन आईकडचे, आणि ते मुलाला पालक नेमून देतात. मुंबईत सरकारी शाळेत अडकलेल्या मुलाबद्दल ते पाच जण काहीच बोलले नाहीत असं होणार नाही.

शोधताना मयताचं नाव आणि गाव धरा, मुलाचं नको. लिहिणारे एस्क्रिव्हांव आपल्या नावांची वाट लावतात. 'श' ला एक्स, 'के' ला क्यू, आणि कृष्णाचा कुश्टां करून ठेवतात. पेडण्याचे जुने कागद कोर्टाच्या दप्तरात नाहीत म्हणाले तर पणजीला पुराभिलेख खात्यात विचारा.

शिरोडा_एसटी

एक शंका. हीच चोरी त्याने गोव्यात केली असती तर?

कोमार्का_निवृत्त

१८८६ च्या पोर्तुगीज दंडविधानात दहा वर्षांखालच्या मुलावर गुन्हा लागतच नसे. दहा ते चौदामध्ये त्याला बरंवाईट कळत होतं का ते बघायचे, कळत नव्हतं असं ठरलं तर शिक्षा नाही. इंग्रजी दंडविधानात ही वयं सात आणि बारा. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या पोराला नदीच्या अलीकडे निदान तो प्रश्न विचारला गेला असता.

पोर्तुगालात लिस्बनला मुलांसाठी वेगळं सुधारगृह १८७१ च्या कायद्याने निघालं आणि १९११ साली बालसंरक्षणाचा कायदा येऊन मुलांची न्यायालयंच वेगळी झाली. मुंबई इलाख्याचा चिल्ड्रन ॲक्ट १९२४ चा.

तेरेखोलकाठ

मंडळी, सापडलं!

कोमार्का काका, तुमचे उपकार कसे फेडू. बापाचं नाव आणि गाव एवढ्यावर बंडल निघालं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मधलं लिखाण शाबूत. बाप १९०५ च्या पावसात वारला. आई त्याआधीच गेलेली, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मोठा मुलगा, म्हणजे माझा पणजा, शपथेवर वारस सांगतो: आपण स्वतः, एक लग्न झालेली बहीण, आणि धाकटा भाऊ, 'वय पंधरा, कमी-जास्त, मुंबईत सुधारशाळेत'. स्वच्छ सांगितलंय. लपवलेलं नाही. म्हणजे झाकपाक नंतरच्या पिढीने केली. माई, पणज्याने भावाचं नाव कोर्टात उभं राहून घेतलं होतं हो.

पाच नातेवाइकांनी मामाला पालक नेमलं. वाटणीत धाकट्याला घरालगतचे सात माड आणि मोरडीवरचा एक तुकडा आला, त्याची वेगळी नोंद आहे. आणि शेवटाकडे मामाचा अर्ज. माडांचं उत्पन्न मुलाच्या नावे जमा होतं, त्यातून बोटीचा आणि खाण्याचा खर्च काढून मुंबईला जाण्याची परवानगी मागितली आहे, 'मुलास सोडवून आणण्यासाठी'. कोर्टाने रक्कम मंजूर केली. खाली मामाचा अंगठा. मी त्या पानापुढे किती वेळ बसून राहिले सांगता येत नाही. त्या काळात, पेडण्याहून, लिहिता न येणारा माणूस मुंबईच्या सरकारात भाच्यासाठी निघाला होता.

त्यापुढे मात्र कागद नाही. मामा पोचला का, पोर सुटलं का, काही कळत नाही. अर्जाची तारीख फेब्रुवारी १९०६.

अंत्रुजची_माई

बाये, माझे शब्द परत घेते. मामाच्या नावाने देवाकडे नारळ ठेव.

जुनी_दप्तरे

आता वर्ष हातात आलं! १९०६ आणि १९०७ च्या सूच्या मी बघतो, पुढच्या आठवड्यात काळा घोड्याला जाणारच आहे. न्याय खात्यात 'रिफॉर्मेटरी' या शीर्षकाखाली, नंतर पोलिटिकलमध्ये 'गोवा' खाली. बाप वारला, कोर्टाने नेमलेला पालक आहे, मुलाच्या नावे जमीन आहे, हे सगळं अर्जाच्या बाजूने जाणारं. सुपरिंटेंडेंटने विरोध केला असेल तरी त्याचा शेरा मिळेल, आणि तो शेरा म्हणजे पोराबद्दल तिऱ्हाइताने लिहिलेल्या चार ओळी.

अजून एक वाट उघडी ठेवा. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला कलम १८ प्रमाणे परवान्यावर बाहेर कामाला देता येत असे, भल्या माणसाकडे, काम देणाऱ्या मालकाकडे. परवाना तीन महिन्यांचा, पुन्हा वाढवता येणारा. सुताराचा हात चांगला बसलेला पोर १९०६ मध्ये एखाद्या कारखान्यात परवान्यावर असेल, आणि मामा शाळेत जाऊन रिकामा परतला असेल, असंही शक्य आहे. तसं असेल तर मुंबईतच त्याचा संसार झाला असेल.

गिरगावकर_मूळ_साखळी

आणि तसं असेल तर त्या सात माडांचं काय झालं ते बघा! एकवीस पूर्ण झाल्यावर हिस्सा ताब्यात घ्यायला त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला यावं लागलं असणार. विकला असेल तर नोटरीकडे खत असेल. घरचं कुळदैवत ज्या देवस्थानात आहे तिथल्या महाजनांच्या यादीतही बघा, मुंबईला गेलेल्यांनीही नावं लावून ठेवली आहेत. गावकारीचे जोणकार, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या उत्पन्नाचे हिस्सेदार, असाल तर कोमुनिदादच्या, म्हणजे त्या गावसंस्थेच्या, वह्या आहेतच.

कोमार्का_निवृत्त

बरोबर. त्याचं वय १९०५ ला पंधरा धरलं तर १९१० ते १९१३ च्या दरम्यानची नोटरीची खतं. दोन वर्षं पुढेमागे ठेवा, वर सांगितलंय तसं. मालमत्तेच्या नावावर गावही लिहिलेलं असतं, ते कामाला येईल.

तेरेखोलकाठ

माड अजून आमच्याच वाड्यात आहेत, निदान ती जागा आहे. कोणाच्या नावे आली हे मी कधी बघितलंच नव्हतं. आजोकडच्या कागदांची पुरचुंडी आत्येकडे आहे, ती उद्या उघडते.

जुनी_दप्तरे, बापाचं नाव, गावाचं नाव, बंडलाचा क्रमांक आणि पोराच्या नावाची पोर्तुगीज लिखावट तुम्हाला व्यनि केली आहे. मामाच्या अर्जाच्या शेवटी दोन ओळी फिक्या शाईत आहेत, माझ्या पोर्तुगीजने लागत नाहीत. कोर्टाच्या हस्ताक्षराची सवय असलेलं कोणी पणजी-म्हापशाकडे असेल तर कृपया कळवा, मी छापील प्रत घेऊन येईन. त्यात तारखेसारखं काहीतरी आहे आणि 'बोंबाइं' एवढं नक्की वाचता येतं.

कोमार्का_निवृत्त

शनिवारी सकाळी म्हापशाला या. बाजार होण्याआधी, नऊच्या सुमारास. भिंग माझ्याकडे आहे.